‘दुष्काळ’ या शब्दाची नोंद कशी ठेवावी

आमच्या माण तालुक्यात लेकराला बोलायला यायच्या आधीच ‘दुस्काळ’ हा शब्द त्याच्या कानावरून जातो. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर हा शब्द लिहायचे आणि अर्थ विचारायचे. “पाऊस न पडणे” हे उत्तर ठरलेलं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, मग ओला दुष्काळ म्हणजे काय?” मला लगेच नीट सांगता आलं नाही. त्या दिवशी घरी येऊन एक दोनशेपानी वही काढली आणि पहिल्या पानावर हा एकच शब्द लिहिला. आता अशा चार वह्या झाल्यात. तुम्हालाही तुमच्या गावासाठी, घरासाठी अशी नोंद करायची असेल, तर मी ती कशी करते ते सांगते.

आधी शब्द फोडा.

दुस् आणि काल. ‘दुस्’ म्हणजे वाईट, कठीण. संस्कृतात ‘दुस्’च्या पुढे क आला की स चा ष होतो, म्हणून दुष्काल, दुष्कर्म, दुष्कीर्ती हे त्याच घरातले. मराठीत ‘काल’चा ‘काळ’ झाला. मुलं ‘दुश्काळ’ लिहितात तेव्हा मी त्यांना हे जोडशब्द शेजारी मांडून दाखवायची, मग ष आपोआप लक्षात राहायचा. बोलण्यात मात्र ‘दुकाळ’ आहे, तोही तितकाच जुना आणि अस्सल. प्राकृतातल्या ‘दुक्काल’वरून आलेला. गुजरातीतही दुकाळच म्हणतात. खाली कर्नाटकात उतरलात तर कन्नडमध्ये ‘बरगाल’, आणि त्यातही शेवटी काल आहेच.

या शब्दात पाऊस कुठेच नाही. पाणी नाही, धान्य नाही, भूकसुद्धा नाही. आहे तो फक्त वाईट काळ. इंग्रजीतला ‘फॅमिन’ लॅटिनमधल्या ‘फामेस’वरून फ्रेंचमार्गे आला आणि फामेस म्हणजे भूक. ‘ड्राउट’ हा कोरडेपणावरून आलेला. म्हणजे इंग्रजीत पोट वेगळं आणि आभाळ वेगळं. आपण दोन्हीला दुष्काळ म्हणतो. त्यामुळे इंग्रजी कागदाचं भाषांतर वाचताना ‘दुष्काळ’ दिसला की मूळ शब्द कोणता होता हे तपासा. फॅमिन असेल तर माणसं उपाशी होती. ड्राउट असेल तर एवढंच कळतं की पाऊस नव्हता. माणसं उपाशी होती की नाही, ते वेगळं शोधावं लागतं. इतिहासाच्या कितीतरी मराठी लेखांत हा घोळ होतो आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच होतं. अतिपावसाने उभं पीक कुजलं तरी काळ वाईटच, म्हणून ओला दुष्काळ. मराठीला ही जोडी करताना काहीच अडचण वाटली नाही, कारण शब्दाचा पाया कोरडेपणावर नाही.

आता जोडीचे शब्द मांडा. पानाच्या डाव्या बाजूला दुष्काळ, उजवीकडे सुकाळ. ज्ञानेश्वर माउलींनी बाराव्या अध्यायात ‘ब्रह्मविद्येचा सुकाळु करी’ असं मागणं मागितलंय. सातशे वर्षांपूर्वी सुकाळ हा शब्द धान्यापलीकडे जाऊन विद्येपर्यंत पोचला होता. आपणही ‘अकलेचा दुष्काळ’ म्हणतो. मग दुर्भिक्ष आणि सुभिक्ष. दुर्भिक्ष म्हणजे भिक्षा मिळणं अवघड. हा शब्द दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाजूने बनलाय, घरातल्या माणसाच्या नाही. ज्या दिवशी गावातली दारं बंद होतात, त्या दिवशी दुर्भिक्ष. अवर्षण सरळ आहे: वर्षण नाही. या तिन्हींना एकमेकांच्या जागी वापरू नका. अवर्षण आभाळात होतं, दुर्भिक्ष उंबऱ्यावर होतं, आणि दुष्काळ या दोन्हींना पोटात घेतो.

क्रियापदही लिहून ठेवा. सुकाळ होतो, दुष्काळ पडतो. ऊन पडतं, थंडी पडते, रात्र पडते, तसा. कुणी केला असं क्रियापद सांगत नाही. पण जुन्या माणसांच्या तोंडात आणखी एक शब्द आहे, अस्मानी-सुलतानी. अस्मानी म्हणजे आभाळातून आलेलं संकट, सुलतानी म्हणजे राज्यकर्त्याकडून आलेलं. हा जोडशब्द मला फार मोलाचा वाटतो. दुष्काळाची कुठलीही हकिगत वाचताना मी पेन्सिलीने समासात ‘अ’ आणि ‘सु’ लिहीत जाते. पाऊस नाही: अ. सारा माफ केला नाही: सु. धान्य बाहेर गेलं: सु. पान संपेपर्यंत कुठली अक्षरं जास्त झाली ते दिसतं.

‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीला अर्धं पान द्या. अधिक मास आला की वर्ष तेरा महिन्यांचं होतं. कणगीत बारा महिन्यांचंही पुरेसं नाही, आणि त्यात वर्षानेच एक महिना जास्त घेतला. पंचांग आणि धान्याची कणगी यांची गाठ घालणारी म्हण आहे ही. आज लोक ती पेट्रोलच्या भाववाढीलाही लावतात, त्याला हरकत नाही, पण मूळ हिशोब मुलांना ठाऊक असावा.

यापुढे जुना पुरावा वाचायला घ्या. कोशासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारलेली १८५७ची, आंतरजालावर ती फुकट बघता येते. पण कोश अर्थ सांगतो, अनुभव सांगत नाही. त्यासाठी तुकोबांकडे जावं लागतं. १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ त्यांनी अंगावर झेललाय आणि स्वतःविषयी सांगताना लिहिलंय:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

हे दोन चरण वर्गात मी एक अख्खा तास शिकवायची. ‘आटिलें’ या शब्दावर थांबा. विहीर आटते, गाईचं दूध आटतं. इथे द्रव्य आटलंय. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवहार होता, आणि त्या घराला दुष्काळ आधी पैशातून लागला. मग क्रम बघा. आधी द्रव्य, मग मान, मग माणूस. घरातलं माणूस अन्नावाचून गेलं ते शेवटी. त्याआधी उधारी बुडाली असणार, पत गेली असणार, दारात उभं राहिल्यावर लोकांनी तोंड फिरवलं असणार. दुसऱ्या एका अभंगात ते ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ म्हणतात, तिथेही दिवाळं आणि दुष्काळ शेजारीशेजारी आहेत. पाऊस गेल्यापासून माणूस जाईपर्यंत मध्ये किती पायऱ्या असतात हे समजायला मला याहून नेमकं काही सापडलेलं नाही. तुम्ही कुठल्याही दुष्काळाची नोंद कराल तेव्हा या तीन पायऱ्या आखून घ्या: द्रव्य कधी आटलं, मान कधी गेला, जिवावर कधी बेतलं.

सनांचा घोळ होऊ देऊ नका. जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. शके १७९८ म्हणजे १८७६. फसली सन असेल, आणि मराठवाड्याकडच्या कागदांत तो हमखास असतो, तर ५९० मिळवा. वर्ष मधेच बदलत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणून ‘१८७६-७७’ असं जोडून लिहिलेलं बरं. एरवीही दुष्काळाला एक सन पुरत नाही. आपण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो. १९७२चा पावसाळा गेला हे खरं, पण त्याच्या आधीची दोन वर्षंही आमच्याकडे धड नव्हती, आणि दुष्काळी कामांवरची गर्दी सगळ्यात जास्त झाली ती १९७३च्या मे महिन्यात, राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं. पेरणी फसते जुलैत, चूल विझते पुढच्या उन्हाळ्यात.

सरकारी शब्द कसा वाचायचा, हे आता जरा सविस्तर, कारण इथे शब्दावर माणसाचं पोट अवलंबून असतं.

१८७६ ते ७८च्या महादुष्काळानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला, १८८०मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यावरून प्रांतोप्रांती फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळी मदतीच्या नियमावल्या, तयार झाल्या. त्या कोडमध्ये एक युक्ती होती: दुष्काळ आहे की नाही याची शंका असेल तर कसोटीची कामं काढायची. कमी मजुरीवर, भर उन्हात खडी फोडायला माणसं लोटली तर समजायचं की दुष्काळ आहे. म्हणजे शब्दाचा अर्थ माणसाच्या पाठीवर तपासला जायचा. आमच्या शेजारचा राजेवाडीचा तलाव असाच दुष्काळी काम म्हणून बांधला गेला. आजही त्याच्या बांधावर उभं राहिलं की मला ती माणसं आठवतात ज्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. त्याच दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. सावित्रीबाईंनी ओतूरहून २० एप्रिल १८७७ला जोतीरावांना लिहिलेलं पत्र मिळवून वाचा. सरकारी अहवाल आणि ते पत्र एकाच दुष्काळाविषयी बोलतात, पण एकात आकडे आहेत आणि दुसऱ्यात पाहिलेली माणसं.

मग १९६३. ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळली तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात एक कायदा झाला: राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्याचा. शेतीच्या स्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, तेव्हा आता तशी अवस्था यायला वावच नाही, असं त्यात कारण दिलंय. फॅमिन काढून त्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, आली. नऊ वर्षांनी बहात्तर उजाडलं. म्हणून १९६३ नंतरच्या कागदात ‘टंचाई’ दिसली की ती किरकोळ आहे असं समजू नका. जुन्या कागदात जिथे दुष्काळ असता तिथेही टंचाईच लिहिलेली असणार. अशी टंचाई वाचताना तुमच्या वहीत कंसात प्रश्नचिन्ह टाका आणि गावातल्या माणसाला विचारून ते काढा.

‘सदृश’ या शेपटाकडेही लक्ष ठेवा. ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ आणि ‘दुष्काळ’ यांत कागदावर फरक पडतो. २०१६च्या मेमध्ये राज्य सरकारला शुद्धिपत्रक काढून ‘दुष्काळसदृश’ असं लिहिलंय तिथे ‘दुष्काळ’ वाचावं असं सांगावं लागलं. उच्च न्यायालयात त्यावर वाद झाला होता. एका ‘सदृश’साठी एवढं भांडण का, असं शहरातल्या माझ्या भाचीने विचारलं होतं. तिला मी यादीच दाखवली: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत ढील, टँकर. हे सगळं त्या एका शब्दाच्या मागे रांगेत उभं असतं.

तुमच्या गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, कशी वाचायची तेही शिकून घ्या. पूर्वी ती आणेवारी होती. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली, पण आमच्याकडची म्हातारी माणसं अजून “औंदा चार आणेसुदिक न्हाई” असंच म्हणतात. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग डिसेंबरात अंतिम. अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत असेल तर गाव टंचाईत धरलं जायचं. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर राज्याने पद्धत बदलली. आता आधी पावसाची तूट आणि खंड, मग उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल, आणि शेवटी शेतात जाऊन खात्री. त्यावरून मध्यम किंवा गंभीर. खरिपाचा निर्णय ऑक्टोबरअखेरीला होतो. ३१ ऑक्टोबर २०१८ला १५१ तालुके जाहीर झाले होते, २०२३ला ४०. या संहितेत ‘ओला दुष्काळ’ नाही. तिथे अतिवृष्टी आणि पूर आहेत आणि त्यांच्या मदतीचे हिशोब वेगळे आहेत. त्यामुळे अर्ज लिहिताना लोकांचा शब्द आणि नियमातला शब्द, दोन्ही लिहा. एक तुमचं दुःख सांगतो, दुसऱ्यावर फाईल पुढे सरकते.

सगळ्यात मोलाचं काम शेवटी ठेवलंय: माणसांना विचारणं.

‘दुष्काळ म्हणजे काय?’ असं कधीही विचारू नका. म्हातारी माणसं मग पुस्तकी बोलायला लागतात. आणि मेलेल्यांची संख्या विचारू नका. मी एकदा आमच्या आळीतल्या एका आक्कांना “तुमच्या घरातलं कोण गेलं का हो तेव्हा?” असं सरळ विचारलं. त्या उठून आत गेल्या आणि पुढे दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. चूक माझी होती. आता मी भाकरीपासून सुरुवात करते. भाकरी कशाची होती? पाणी कुठनं आणायचा? दावणीला काय राहिलं? घरातलं कोण जगायला गेलं? आमच्याकडे गाव सोडून मुंबईला किंवा परमुलखात जाण्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. हा शब्द तुमच्या वहीत आला नाही तर माणदेशातल्या दुष्काळाची नोंद अपुरी राहिली असं समजा.

भाकरीचं विचारलं की माझी आई नुसतं सांगायची नाही, हात करून दाखवायची. बहात्तरच्या दुष्काळात मिलो नावाची लाल ज्वारी आली होती परदेशातून. त्याच्या पिठाला चिकी नाही. आधण घालून, उकड काढून मळलं तरी भाकरी थापताना कडा फाटायच्या. आई दोन्ही तळवे हवेत धरायची आणि बोटांनी त्या न दिसणाऱ्या कडा आत दाबत राहायची. “अशी दाबायची. तव्यावर टाकस्तवर तुटायची.” मग ती उगीच हात झटकायची, पीठ लागल्यासारखे. लहान मुलांना कामावर सुकडी मिळायची, ती मात्र आवडीने खाल्लेली माझ्या थोरल्या भावाला आठवते. खडी, घमेलं, मुकादम, हजेरी, छावणी, तगाई, हे शब्द असेच प्रश्नांमधून निघत जातात. जसा उच्चार असेल तसाच लिहा. ‘दुस्काळ’ म्हणाली तर दुस्काळ लिहा, शुद्ध करू नका. फोनवर आवाज घ्यायचा असेल तर आधी विचारा, आणि पहिल्या दिवशी तर तो पिशवीतून काढूच नका.

प्रत्येक नोंद एका पानावर बसवा. वर कुणी सांगितलं, त्या वेळी वय किती, गाव कोणतं. खाली कशाचा दुष्काळ: धान्याचा, पाण्याचा, चाऱ्याचा, की रोजगाराचा, बहुतेक वेळा चारही असतात, पण कशाने सुरुवात झाली ते वेगळं लिहा. मग घरातल्यांनी कोणता शब्द वापरला आणि कागदावर कोणता होता. मग द्रव्य, मान, जीव या तीन पायऱ्या. आणि अगदी तळाला एक ओळ मोकळी सोडा: संपला कधी?

ही ओळ मी सुरुवातीला ठेवत नव्हते. पाऊस आला की संपला, असं गृहीत धरलं होतं. एकदा सहज आईला विचारलं, “आई, बहात्तरचा दुष्काळ संपला कधी गं?” ती शेंगा फोडत होती. १९७३ला पाऊस चांगला झाला होता, मला वाटलं तेच म्हणेल. तिने आधी बोटांवर काहीतरी मोजलं. दुष्काळात आमची बैलजोडी विकली होती. पुढे तीन पेरण्या दुसऱ्याच्या बैलांवर झाल्या, त्यांच्या सवडीने, पेरणीजोगा वाफसा निघून गेल्यावर. मग म्हसवडच्या जत्रेतून दादांनी एक खोंड आणला.

“त्यो खोंड दावणीला बांधला,” ती म्हणाली, “त्या दिशी.”

पहिल्या वहीच्या अकराव्या पानावर, तळाच्या ओळीत, मी तेवढंच लिहिलंय.